तीन जीव

बिजागरी तुटलेली, बॅटरी फुगलेली,
स्पेसची पट्टी एका बाजूनं वर.
भंगारवाला म्हणाला, दीडशे.
म्हटलं, राहू दे मग.

याच्यावरच हिंजवडीत अकरा वर्षं
मी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या.
कंपनीनं मला सोडलं तेव्हा
यालाही सोडलं, नऊशे रुपये कापून.
दोघांचा हिशेब एकाच कागदावर.

तापकीर गल्लीतून बटणं आणली,
सहा लाल, दोन पिवळी,
आणि गोल मुठीची एक दांडी.
ताई, मुलासाठी का?
नाही म्हटलं.
तरी त्यानं बिलावर 'खेळणी' लिहिलं.

टिंबर मार्केटात हिराराम सुतारानं
माझा कागद उलटासुलटा करून पाहिला:
देव्हारा काय?
खरं सांगायचं तर माप देव्हाऱ्याचंच आलं होतं.

बॅटरी काढली, सुजलेल्या दाढेसारखी, जपून.
पंख्यातून निघाली करड्या धुळीची गुंडाळी,
तिला अजून ऑफिसच्या एसीचा वास.
आणि मग पडद्यावर एवढंच:
सगळं पुसायचं?
हो. नाही.

आत बायोडेटाचे सतरा अवतार,
हप्त्यांचा तक्ता,
बाबांच्या मेंदूचे फोटो, हॉस्पिटलनं सीडीवर दिलेले,
जे उघडणारं सॉफ्टवेअर
तेव्हाही मिळालं नव्हतं.
ते तेवढे पेन ड्राइव्हवर घेतले.
बाकी, हो.
चहाला उकळी येईपर्यंत
अकरा वर्षं गेली.

दत्तवाडीत पटवेकरांची गिरणी होती.
मागच्या खोलीत, पोत्यांपलीकडे, एक मशीन,
रुपयाला तीन जीव.
आई दळणाला पाठवायची आम्हा दोघांना.
उन्मेष आत.
मी रांगेत,
आपला गहू कुणाच्या ज्वारीवर पडू नये म्हणून
डोळ्यांत तेल घालून.
मुलींनी आत जायचं नाही
असं कुणी म्हटलं नव्हतं कधी.
पाटीसुद्धा नव्हती.
पुण्यात एखाद्या गोष्टीची पाटी नाही
म्हणजे ती केवढी पक्की असेल.

दाराच्या फटीतून दिसायचं थोडंसं:
मुलांच्या पाठी, निळा उजेड,
बटणांवर पिठाचे पांढरे ठसे.
आणि गिरणीच्या आवाजावर चढून कुणीतरी,
मेलो! मेलो!
परतताना डब्याचा एक कान त्याच्याकडे, एक माझ्याकडे.
कसं होतं रे?
तुला नाही कळणार.
पीठ गरम असायचं. डबा पोटरीला लागायचा.

काल उन्मेष आला, पिंपरीहून मेट्रोनं,
गुडघ्याला पट्टा बांधून.
माझ्या देव्हाऱ्यासमोर स्टूल ओढून बसला.
पहिला जीव पहिल्याच खड्ड्यात गेला.
दुसरा चष्मा शोधताना.
मी आत थालीपीठ लावत होते,
तवा तापलेला, हात भाजणीत मनगटापर्यंत.
तिथूनच ऐकलं,
अगं ये, एक जीव उरलाय, घे तू.

हात धुवायला वेळ नव्हता,
वरून काहीतरी उतरत होतं,
पंख असलेलं, चौकोनी, हिरवं.
दांडी कडक होती. मीच बसवलेली,
तरी हातात आल्यावर वेगळी.
उन्मेष मागे उभा राहून म्हणाला,
उजवीकडे. उजवीकडे जा.
मी डावीकडे गेले.
तिकडेही वाट होती.

किती टिकले ते सांगत नाही.
सहाच्या सहा लाल बटणं पांढरी झाली,
थालीपीठ करपलं.
ते उन्मेषला वाढलं,
लोणी जरा जास्त घालून.